दृष्टीआडची वसाहत : जयंत नारळीकरांचे विज्ञानकथालेखन, कुमार वाचक आणि मराठीतील दुःस्वप्नलोक

विसाव्या शतकातील जागतिक कादंबरीचा इतिहास पाहत असताना दुःस्वप्नलोकाच्या, म्हणजे ज्याला 'डिस्टोपिया' म्हटले जाते त्या कल्पित समाजाच्या, चित्रणाला वगळून पुढे जाता येत नाही. थॉमस मूरने १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहून आदर्शलोकाला नाव दिले. त्याच्या उलट अर्थाचे विशेषण जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडविषयक सरकारी धोरणावर टीका करताना वापरले. म्हणजे हा शब्द साहित्यात रुळण्यापूर्वी राजकीय भाषणात आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे रशियात येवगेनी झाम्यातिन, इंग्लंडमध्ये ऑल्डस हक्सले (१९३२) आणि बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल (१९४९) यांनी या प्रकाराला जे रूप दिले, त्यात राज्यसत्ता हीच मुख्य खलनायिका होती. नागरिकाच्या शयनगृहापर्यंत आणि स्मृतीपर्यंत पोचणारे शासन हे त्या कादंबऱ्यांचे केंद्र होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार कुमारवयीन वाचकाकडे वळला. लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' (१९९३) आणि सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) ही त्याची ठळक उदाहरणे. प्रौढांनी निमूटपणे स्वीकारलेल्या व्यवस्थेत एक मूल वाढते आणि एके दिवशी बंद दाराला हात लावते, हा या कादंबऱ्यांचा समान धागा आहे. हे सर्व इंग्रजी ग्रंथव्यवहारात घडले आणि तेथील समीक्षेने त्याची भरपूर दखल घेतली. मराठीत असे काही घडले काय, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. तो विचारला तर उत्तरादाखल प्रथम एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या विज्ञानकथा-कादंबऱ्यांत दुःस्वप्नलोकाची ओढ सातत्याने दिसते, ती एका विशिष्ट पद्धतीने दिसते, आणि त्यांनी रंगविलेल्या दुःस्वप्नांपैकी किमान एक खानदेशातील जनगणनेच्या आकड्यांत उतरले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठी कुमारसाहित्याची परंपरा या प्रकाराला फारशी अनुकूल नव्हती. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना विद्यार्थ्यांसाठी 'विद्यार्थी' हे मासिक चालविणाऱ्या साने गुरुजींनी मराठी मुलांना संस्काराचे आणि करुणेचे वाङ्मय दिले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त दुःख आहे, दारिद्र्य आहे, परंतु जगाची नैतिक घडी शाबूत आहे. चूक श्यामची असते आणि आई ती दुरुस्त करते. दुसऱ्या बाजूला भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून साहसाचे दालन उघडले. व्हर्नचे यंत्र माणसाला समुद्राच्या तळाशी नेते किंवा चंद्राकडे फेकते. ते माणसाचा घात करील ही शंका या अनुवादांच्या बालवाचकाला सहसा शिवत नाही. उलट, मोठेपणी आपणही असे एखादे यंत्र करू, अशा उमेदीने तो पुस्तक मिटतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील धरणे, पोलाद कारखाने आणि वीजकेंद्रे यांच्या वातावरणाशी ही उमेद सुसंगत होती.

भुसावळजवळच्या दीपनगरचे नाव याच वातावरणातले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि केंद्राबरोबर कर्मचाऱ्यांची वसाहत वाढली. गावाच्या नावात देव नाही, पाटील नाही, नदी नाही, दिवा आहे. राज्याच्या वीज मंडळाने वसविलेल्या वसाहतीला दिलेले हे नाव एक लहानसा आदर्शलोकच होय. कोळशाच्या गाड्या, तापीवरील हतनूर धरणाचे पाणी, उंच धुरांडी आणि राखेचे तलाव हे त्या दिव्याखालचे वास्तव. २१० मेगावॉटचा पहिला संच येथे १९७९ मध्ये कार्यान्वित झाला. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह त्याच वर्षीचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु यंत्रावरील श्रद्धा ऐन भरात असतानाच यंत्राविषयीची शंका मराठीत ग्रंथबद्ध झाली, एवढे त्यावरून म्हणता येते.

नारळीकर विज्ञानकथेकडे वळले तो प्रसंग सुपरिचित आहे. १९५७ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव बनविले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली होती. जगतापांना पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. तेच संमेलन आणीबाणीच्या विरोधातील दुर्गाबाईंच्या निर्भय भूमिकेमुळे इतिहासात नोंदले गेले आहे. मराठी विज्ञानकथेच्या नव्या पर्वाचे स्वागत आणि राज्यसत्तेच्या दमनाचा निषेध एकाच व्यासपीठावरून झाला. तरीही या दोन गोष्टींची सांगड नारळीकरांच्या कथेत कधी पडली नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

हॉईल यांचा प्रभाव येथे विचारात घेणे अगत्याचे आहे, कारण नारळीकरांच्या दुःस्वप्नप्रीतीचे मूळ तेथे असावे असे मानण्यास जागा आहे. नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच वर्षी, १९५७ मध्ये, हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सूर्यमालेत शिरलेला वायूचा एक प्रचंड ढग सूर्य झाकून टाकतो आणि पृथ्वीवर हाहाकार उडतो. या संकटात मोजके शास्त्रज्ञ एका बंदिस्त जागी काम करतात, आणि राजकारणी मात्र बहुतेक वेळा चुकीचा निर्णय घेतात. चार वर्षांनी हॉईल यांच्या सहभागाने तयार झालेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका बीबीसीने दाखविली. अंतराळातून आलेल्या संदेशात एका संगणकाच्या रचनेच्या सूचना असतात. माणसे तो संगणक बांधतात आणि आपण काय बांधले हे त्यांना उशिरा कळते. गुरूच्या या दोन कल्पना, सृष्टीकडून येणारे संकट आणि ज्ञानाच्या वेषात येणारे संकट, शिष्याच्या मराठी लेखनात आलटून पालटून भेटतात. त्याबरोबरच गुरूचा शास्त्रज्ञमंडळावरील विश्वासही आला.

'दृष्टीआड सृष्टी' ही कथा या दृष्टीने तपशिलाने पाहण्यासारखी आहे. तिचा रेखा देशपांडे यांनी केलेला हिंदी अनुवाद 'पार नज़र के' या शीर्षकाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सहावीच्या 'वसंत' या पाठ्यपुस्तकात २००६ पासून अनेक वर्षे होता. देशभरातील अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी वाचलेली ही मूळ मराठी कथा आहे. कोणत्याही मराठी लेखकाला कुमार वाचकांची इतकी मोठी संख्या क्वचितच लाभली असेल, आणि ती लाभली एका दुःस्वप्नलोकाच्या कथेला.

कथेतील वसाहत जमिनीखाली आहे. छोटूचे वडील ज्या भुयारी वाटेने कामावर जातात, ती वाट सामान्यांना बंद आहे. दार उघडण्यासाठी प्रवेशपत्र लागते. वडील घरी झोपलेले असताना छोटू ते पत्र पळवतो, भुयारात शिरतो आणि पकडला जातो. शिक्षेऐवजी त्याला इतिहास ऐकायला मिळतो. पूर्वज एकेकाळी पृष्ठभागावर, मोकळ्या हवेत राहत असत. सूर्यात बदल झाला, निसर्गाचा तोल ढळला, पशुपक्षी आणि वनस्पती नष्ट झाल्या. तंत्रज्ञान अवगत होते म्हणून माणसे तेवढी जमिनीखाली तगली. आता पृष्ठभागावरची यंत्रे सांभाळण्यासाठी निवडक प्रशिक्षित लोकच विशेष पोशाख घालून वर जाऊ शकतात. त्यानंतर एक अज्ञात यान येते. वसाहतीचे प्रमुख बैठक घेतात. यान नष्ट करावे की नाही यावर चर्चा होते आणि आपले अस्तित्व गुप्त ठेवण्याचा निर्णय होतो. वडिलांसोबत नियंत्रणकक्षात गेलेला छोटू मोह न आवरून एक कळ दाबतो आणि यानाचा यांत्रिक हात बंद पडतो. शेवटी वाचकाला कळते की ही वसाहत मंगळावरची आहे आणि यान आहे अमेरिकेचे 'व्हायकिंग'.

येथे वास्तवाचा धागा पक्का आहे. 'व्हायकिंग १' हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले आणि माती उचलणारा त्याचा हात खरोखरच सुरुवातीला अडकला होता; अडकलेली खीळ पृथ्वीवरून आज्ञा पाठवून सोडविण्यात आली. वृत्तपत्रातील या दोन ओळींच्या बातमीच्या पलीकडची बाजू नारळीकरांनी लिहिली. कथेतील विनोद एवढाच की अमेरिकी तंत्रज्ञांना जो यांत्रिक बिघाड वाटला, तो एका मंगळवासी पोराचा खोडसाळपणा होता. त्या विनोदाखाली मात्र एक नष्ट झालेले आकाश आहे.

दीपनगरसारख्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला या कथेत परके वाटावे असे फार थोडे आहे. पाळीवर जाणारे वडील, फाटकावर दाखवावे लागणारे ओळखपत्र, 'प्रवेश निषिद्ध' असे लिहिलेली दारे, आत काय चालते याविषयीचे कुतूहल, आणि ज्यांची वडीलमंडळी नियंत्रणकक्षात काम करतात त्यांचा वसाहतीतला थोडा अधिक मान, हे सर्व औद्योगिक वसाहतींतील मुलांच्या नित्य अनुभवाचे आहे. हक्सले किंवा ऑर्वेल यांचा दुःस्वप्नलोक वाचताना मराठी कुमार वाचकाला एका दूरच्या महानगराची कल्पना करावी लागते; नारळीकरांचा दुःस्वप्नलोक सरकारी निवासस्थानांच्या रांगेसारखा दिसतो. त्यातील माणसे दुष्ट नाहीत. वडील प्रेमळ आहेत, आई काळजी करते, प्रमुख विचारी आहेत. फक्त वर जाता येत नाही.

यातच या कथेचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. पाश्चात्त्य कुमारकादंबरीतील मूल बंद दार उघडते तेव्हा त्याला कळते की मोठ्यांनी आपल्याशी खोटे बोलून ही व्यवस्था उभारली आहे. छोटू दार उघडतो तेव्हा त्याला कळते की मोठे खरे बोलत होते आणि नियम योग्यच होते. त्याची कळ दाबण्याची कृती बंड ठरत नाही. ती चूक ठरते. 'श्यामची आई'च्या वाचकाला हा शेवट ओळखीचा वाटावा. म्हणजे दुःस्वप्नलोक मराठीत आला, पण आला तो संस्कारकथेच्या चौकटीतून. निवडक लोकांनाच वर जाण्याची परवानगी असणे, बाह्य जगाशी संपर्क करायचा की नाही हे चार जणांच्या बैठकीत ठरणे, याबद्दल कथेला काहीही वावगे वाटत नाही. ही बैठक १९७५ ते १९७७ या काळानंतर लवकरच लिहिली गेली असावी, हे ध्यानात घेतले तर तिचे शांत, एकमताचे स्वरूप वाचकाला थोडे अस्वस्थ करते.

'धूमकेतू' या कथेतही हाच प्रकार आढळतो. बंगाली हौशी निरीक्षक दत्तादांना सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. निवडक शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात, स्फोटके पाठवून त्याची दिशा बदलण्याची योजना आखतात आणि ती यशस्वी होते. सामान्य जनतेला आपण मरणाच्या किती जवळ होतो याचा पत्ता लागत नाही. इकडे दत्तादांच्या घरी धूमकेतूचा अनिष्ट प्रभाव टळावा म्हणून यज्ञ होतो, त्यात नातू भाग घेतो, आणि संकट यज्ञामुळेच टळले अशी घरच्यांची समजूत होते. कथेचा रोख अंधश्रद्धेवर आहे आणि तो अचूक आहे. परंतु घरच्यांची समजूत अशी झाली याला शास्त्रज्ञांची गुप्तताही कारणीभूत आहे, कारण त्यांना खरे कोणी सांगितलेलेच नसते. हा प्रश्न कथा विचारीत नाही. वाचकाने तो विचारण्यास हरकत नाही. वर्गात ही कथा शिकविताना तर तो अवश्य विचारावा.

१९८६ साली आलेली 'वामन परत न आला' ही कादंबरी या मालिकेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी रचना होय. एका प्राचीन प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली पेटी सापडते. तिच्यातील माहितीच्या आधारे शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवितात आणि त्याला 'वामन' हे नाव मिळते. ती संस्कृती कशाने नष्ट झाली याचे उत्तरही त्या पेटीतच आहे: स्वतःसारखी यंत्रे स्वतःच घडवू शकणाऱ्या यंत्रांमुळे. पेटीच्या कल्पनेला एक देशी पार्श्वभूमी होती. ऑगस्ट १९७३ मध्ये लाल किल्ल्याच्या आवारात समारंभपूर्वक एक कालकुपी पुरण्यात आली आणि सत्तांतरानंतर १९७७ मध्ये ती उकरून काढण्यात आली. तिच्यात कोणता इतिहास घातला यावरून तेव्हा बराच वाद झाला. भावी पिढ्यांना काय सांगावे, याविषयी त्या कालकुपीतील मजकूर आणि कादंबरीतील पेटीतील मजकूर यांची तुलना केली, तर कादंबरीतील संस्कृती अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. तिने आपला पराभवही लिहून ठेवला.

शीर्षकातील पुराणकथेचा वापर मार्मिक आहे. पुराणातील वामन तीन पावले जमीन मागतो आणि दात्यालाच पाताळात ढकलतो. लहान, आज्ञाधारक, उपयोगी असे जे दारात येते, त्याचा आकार वाढल्यावर काय होते, हे मराठी मुलाला ही कथा ऐकूनच ठाऊक असते. 'अंतराळातील भस्मासूर' (१९८५) या शीर्षकातही हीच युक्ती आहे: वर मिळालेला असुर वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघतो. दुःस्वप्नलोकासाठी परकी परिभाषा न शोधता नारळीकरांनी पुराणातल्या फसलेल्या वरांची परंपरा हाताशी धरली. बळीचे दान, भस्मासुराला मिळालेला वर, या सर्वांत अनर्थाचे मूळ शत्रू नसून देणगी आहे. 'यक्षांची देणगी' हे संग्रहाचे नावही पुरेसे बोलके आहे. नारळीकरांच्या दुःस्वप्नाची व्याख्या करायची तर ती अशी करता येईल: मागितलेले मिळणे. ऑर्वेलच्या जगात माणसाला हवे ते मिळत नाही. नारळीकरांच्या जगात मिळते, आणि तेथून अनर्थाला सुरुवात होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घराघरांत पोचल्यानंतर वामनाची आठवण अनेकांना झाली असल्यास नवल नाही. तथापि कादंबरीचे मूल्य भाकितावर अवलंबून नाही. ज्ञान तयार स्वरूपात मिळाले, ते मिळविण्याचे कष्ट आणि त्या कष्टांतून येणारा विवेक मिळाला नाही, तर काय होते, हा तिचा विषय आहे. आणि आयात तंत्रज्ञानावर कारखाने उभारणाऱ्या देशात १९८६ साली तो निव्वळ काल्पनिक नव्हता.

मागितलेले मिळण्याचे दुःस्वप्न 'पुत्रवती भव' या कथेत सर्वाधिक घरगुती रूप धारण करते. शीर्षक म्हणजे एक आशीर्वाद आहे; वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेला शतकानुशतके दिला गेलेला. हा आशीर्वाद विज्ञानाने खात्रीने खरा करून दाखविला, मुलगाच होईल अशी सोय घरोघरी उपलब्ध झाली, तर समाजातील स्त्री-पुरुष प्रमाणाचे काय होईल, हा कथेचा गाभा आहे. यात हुकूमशहा नाही, परग्रहवासी नाहीत, बंडखोर यंत्रही नाही. प्रत्येक कुटुंब आपल्यापुरती एक छोटी, समजण्याजोगी इच्छा पूर्ण करून घेते. सगळ्यांच्या इच्छांची बेरीज मात्र कोणालाच नको असलेली निघते. प्रस्तुत लेखाच्या मते मराठीतील दुःस्वप्नलोकाची ही सर्वांत मौलिक कल्पना आहे, कारण तिचे बीज या समाजाच्या स्वतःच्या देवघरात आहे.

कथेच्या मागेपुढे प्रत्यक्षात जे घडले त्याचा क्रम असा. गर्भजल परीक्षा भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यास जनुकीय दोष शोधण्यासाठी सुरू झाली आणि अल्पावधीत तिचा उपयोग गर्भाचे लिंग जाणून मुलीचा गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. १९८० च्या दशकात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी याविरुद्ध आंदोलन उभारले. त्याची परिणती म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील असा पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि तो १९९६ पासून अमलात आला. तोवर सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचले होते. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून 'सेहत' व 'मासूम' या महाराष्ट्रातील दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते. ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले.

जळगाव जिल्ह्याचा आकडा राज्याच्या सरासरीहून बराच खाली होता. २००१ मध्ये तो ८८० होता, २०११ मध्ये ८४२. केळीच्या बागा, सोन्याची पेठ, रेल्वेचे जंक्शन, दीपनगरची वीज असलेला हा जिल्हा. येथील घट मागासलेपणाच्या खात्यावर टाकता येत नाही. यंत्र परवडणे आणि यंत्रापर्यंत पोचणे या दोन्ही गोष्टी सुबत्तेने व रस्त्यांनी सोप्या केल्या, असेच या आकड्यांवरून दिसते. ज्या विजेच्या नावाने वसाहत वसली, त्याच विजेवर ते यंत्रही चालत होते. अर्थात यात विजेचा दोष नाही, आणि नारळीकरही तो विजेला देत नाहीत.

कथाकाराचे अनुमान आणि घडलेला इतिहास यांत एक तफावत राहिली, आणि ती नोंदविणे आवश्यक आहे. कथेचे केंद्र मुलगाच होण्याची हमी हे आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला तशी हमी उपलब्ध नव्हती. होते ते गर्भ तपासण्याचे यंत्र आणि नंतरची शस्त्रक्रिया. म्हणजे वास्तव कल्पिताहून अधिक ओबडधोबड निघाले आणि त्याचे घाव स्त्रीच्या शरीरावर पडले. वैज्ञानिक कल्पनाशक्तीला निर्मळ उपाय सुचतो. बाजाराला तो सुचेपर्यंत थांबण्याची गरज वाटत नाही. शिवाय कथेत प्रश्न इच्छेचा आहे, तर जळगावात तो हुंड्याचा, शेतीच्या वाटणीचा, वारसाहक्काचा आणि सुनेच्या घरातील स्थानाचाही होता. नारळीकरांच्या दुःस्वप्नांत राज्यसत्ता जशी सौम्य असते, तशीच कुटुंबसंस्थाही सौम्य असते. आशीर्वाद कोण देते आणि तो नाकारण्याचा अधिकार सुनेला असतो काय, ही चौकशी त्यांच्या विज्ञानकथेने केली नाही. ती पुढे स्त्रीवादी लेखनाने आणि न्यायालयीन याचिकांनी केली.

तरीही कालक्रम नारळीकरांच्या बाजूने बोलतो. २००३ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन त्याच्या नावातच 'गर्भधारणापूर्व' हा शब्द घालण्यात आला. गर्भधारणेपूर्वीच लिंग निवडण्याची तंत्रे तेव्हा कुठे कायद्याच्या कक्षेत आली. म्हणजे खात्रीच्या पुत्रप्राप्तीची जी शक्यता मराठी कथेने कल्पनेत तपासून पाहिली होती, तिच्यासाठी संसदेला शब्द सापडण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ज्या वयोगटासाठी ८४२ हा आकडा नोंदला गेला, त्या वयोगटातील मुले २००४ ते २०११ या काळात जन्मलेली आहेत. त्यांतील अनेकांनी सहावीच्या हिंदीच्या पुस्तकात छोटूची गोष्ट वाचली असेल. त्यांच्यातील थोरली मुले-मुली आता खानदेशातील महाविद्यालयांच्या हजेरीपटावर आहेत.